म्हापशातलं टेबल, चार देवचार आणि पॅकमॅन

जुना_म्हापशेकर

यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, माटोळीखाली बसायला जागा नाही, आणि पर्वरीहून आलेला बहिणीचा मुलगा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. आईने त्याचा फोन काढून घेतला होता. वय वर्षं अकरा. म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर एक जुना खेळ आहे, पॅकमॅन, वाटांतले ठिपके खात सुटायचं आणि चार रंगीत भुतांच्या हाती लागायचं नाही, चालेल? पॅकमॅनला ३० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१० साली, गूगलने तो आपल्या पहिल्या पानावर खेळायलाच ठेवला होता. अजूनही मिळतो. तो उघडून दिला आणि मी पातोळ्यांच्या वासामागे स्वयंपाकघरात गेलो.

अर्ध्या तासाने हाक आली. "मामा, हा गुलाबी माझ्या मागे येतच नाही. तो पुढे जाऊन वाट अडवतो!"

पातोळीचं पान सोलता सोलता हात थांबला. हेच वाक्य मी शाळेत असताना ऐकलं होतं, आणि तेही या खेळाला एकदासुद्धा हात न लावलेल्या माणसाच्या तोंडून.

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं, म्हणजे १९८७-८८ साल. म्हापशाच्या बाजाराच्या मागच्या अंगाला एक चहाचं दुकान होतं. तिथे दोन बाकड्यांच्या मध्ये नेहमीच्या टेबलाऐवजी टेबल-गेम ठेवलेला. काचेखाली टीव्ही उताणा झोपवलेला, दोन्ही बाजूंना एकेक दांडी. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाचा पॅकमॅन मेला की चित्र उलटं होऊन दुसऱ्याच्या बाजूने सरळ व्हायचं. चहा घेतल्याशिवाय खेळायला मिळत नसे, त्यामुळे काचेवर सदा ग्लासांच्या ओल्या कड्या. कडीखाली आलेला ठिपका सुजल्यासारखा दिसायचा आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये सापडलेलं भूत वाकडं व्हायचं.

दुकानाच्या मालकाला सगळे पात्रांव म्हणत. खांद्यावर फडका टाकून तो आमच्या डोक्यावर उभा असायचा. काच पुसायची म्हणून यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. एकदा मी लागोपाठ तीन डाव हरलो तेव्हा फडक्यानेच काचेवर दाखवत म्हणाला, "पळय पुता, तांबडो फाटल्यान लागता. गुलाबी आडवो येता. निळ्याचो भरवंसो ना. आनी तो केसरी, तो भियेता." मग म्हणाला, "देवचार ते. दर एकल्याची शीम वेगळी."

गोव्याबाहेरच्यांसाठी: देवचार म्हणजे गावचा राखणदार. हातात दांडा, पायात वहाणा, रात्री आपल्या शिमेत, म्हणजे हद्दीत, फेरी मारतो. त्याची शीम कुठे सुरू होते ते ठाऊक असेल तर त्याला भ्यायचं कारण नसतं.

पुढे नोकरीत इंटरनेट आलं आणि एकदा सहज या खेळाबद्दल वाचलं. नाम्को या जपानी कंपनीतल्या तोरू इवातानी नावाच्या तरुणाने, वय तेव्हा २५, हा खेळ १९८० साली काढला. चार भुतांचे जपानी स्वभाव यंत्रावरच लिहिलेले होते: पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी आणि वेड पांघरणारा. पात्रांवला जपानी येत नव्हतं. इंग्रजीही बेताचंच.

तर प्रश्न असा. एक नकाशा, एक दांडी, बटण एकही नाही. आमच्या वेळी ठीक, दुसरं होतंच काय? पण ज्या पोराच्या फोनवर सिनेमासारखे खेळ आहेत तो दोन तास उठत का नाही? मला वाटतं उत्तर या चार स्वभावांत आहे. तुमचं काय म्हणणं?

तिसवाडीकर

पयलो! आमच्या पणजीत जे होतं ते उभं मशीन होतं, टेबल नव्हे. खेळण्यापेक्षा आवाज आठवतो. जपानीत तोंड मिटण्या-उघडण्याला 'पाकु-पाकु' म्हणतात, त्यावरून नाव पडलं. मराठीत खेळ निघाला असता तर 'गपागप' म्हटलं असतं. बाकी सहमत.

झेड_ऐंशी

पात्रांवना दंडवत. धंद्याने प्रोग्रामर आहे, म्हणून जरा सविस्तर. घाईत असाल तर खाली सरका.

भुताला वाट 'शोधता' येतच नाही. १९८० सालच्या झेड-८० प्रोसेसरवर, सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या वेगात, तेवढी चैन परवडणारी नव्हती. चौक येण्याआधी भूत एवढंच बघतं: पुढच्या घरांपैकी कुठलं घर माझ्या लक्ष्याला सरळ अंतराने जवळ? तिकडे वळायचं. आल्या वाटेने मागे फिरायची मुभा नाही. हा नियम चौघांना एकच. फरक फक्त 'लक्ष्य' कशाला म्हणायचं यात आहे, आणि सगळी गंमत तिथेच.

तांबडा, ब्लिंकी: त्याचं लक्ष्य म्हणजे तुम्ही उभे आहात ते घर. सरळसोट. पण ठिपके थोडे उरले की तो वेग वाढवतो. पहिल्या फेरीत २० ठिपके उरले की एकदा, १० उरले की पुन्हा.

गुलाबी, पिंकी: तुमचं तोंड आहे त्या दिशेला चार घरं पुढे. म्हणून ती 'आडवी येते'. तुमच्या भाच्याला पैकीच्या पैकी.

निळा, इंकी: हा खरा अवली. तुमच्या पुढचं दुसरं घर घ्या. तांबड्यापासून त्या घरापर्यंत रेघ ओढा. ती रेघ तेवढीच आणखी पुढे वाढवा. ती संपते तिथे याला जायचं असतं. म्हणजे निळा कुठे जाणार हे तांबडा कुठे आहे यावर ठरतं. खेळणाऱ्याची नजर दोघांवर एकदम नसते, म्हणून 'भरवंसो ना'.

केशरी, क्लाइड: तुमच्यापासून आठ घरांहून लांब असेल तर तांबड्यासारखा चालून येतो. आठ घरांच्या आत आला की डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे सुटतो. 'भियेता' याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

आणि शीम! चौघांना चार कोपरे वाटून दिलेत. तांबडा वर उजवीकडे, गुलाबी वर डावीकडे, निळा खाली उजवीकडे, केशरी खाली डावीकडे. पहिल्या फेरीत ७ सेकंद चौघं आपापल्या कोपऱ्यात फिरतात, मग २० सेकंद हल्ला, पुन्हा ७ सेकंद कोपरे, पुन्हा २० हल्ला, मग कोपऱ्यातला वेळ ५ सेकंदांवर येतो. अशी चौथी सुट्टी संपली की मात्र हल्ला थांबत नाही. दोन अवस्थांच्या सांध्यावर चौघं एकदम उलटे फिरतात. तेव्हा बारकाईने पाहा, जीव वाचतो. सतत चौफेर मार असेल तर खेळणारा कंटाळेल, भुतं लाटेसारखी यावीत आणि ओसरावीत, असा इवातानींचा विचार होता. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय.

अवांतर: वर तोंड करून चालत असाल तर गुलाबीचं गणित चुकतं. चार घरं वर याऐवजी चार वर आणि चार डावीकडे. प्रोग्राममधली चूक आहे. कुणी दुरुस्त केली नाही, आणि आता केली तर लोक भांडायला येतील.

दिवचली

वाचनखूण साठवली.

कंटाळेश्वर

सगळ्यांच्या आठवणींचा मान राखून बोलतो. हे लहानपणाचं प्रेम आहे, खेळाचं नाही. मी तिशीतला माणूस, गेम पार्लर वगैरे पाहिलेलं नाही. लेखावरून काल उघडून बसलो. पाचव्या फेरीपर्यंत मजा आली, मग लक्षात आलं की नकाशा तोच. सहावी फेरी, तोच. भाच्याचंही सांगू नका. फोन हातात नसेल तर पोर टाइल्सच्या रेघासुद्धा मोजत बसतं. तुम्हाला चहा आठवतो, पात्रांव आठवतात. खेळ निमित्त आहे.

दिवचली

@कंटाळेश्वर, कॅरमचा बोर्ड तरी कुठे बदलतो हो?

कंटाळेश्वर

कॅरममध्ये समोर माणूस असतो.

दिवचली

इथे चार आहेत. झेड_ऐंशींनी एवढं लिहिलंय ते परत वाचा.

फोंड्याचा_मुस्तफा

मंडळी, सभ्य माणसांचा खेळ चाललाय तुमचा, पण फोंड्यात आमच्या पिढीला पॅकमॅन वगैरे कुणी विचारत नव्हतं. गेम म्हणजे मुस्तफा! कुणाला मूळ नाव माहीत आहे? 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. चार पात्रांतला एक मुस्तफा. पिवळी टोपी, धावत येऊन लाथ. अख्ख्या देशाने खेळाचं बारसंच त्याच्या नावाने करून टाकलं. तीन जणांना एकदम खेळता यायचं. त्यामुळे शाळा चुकवायची तर तिघांनी. आणि हा खेळ घरच्या कुठल्याच यंत्रावर कधी निघाला नाही, पार्लरलाच जावं लागे. तुमच्या गोल खादाडाला मारामारी तरी येते का?

जुना_म्हापशेकर

@फोंड्याचा_मुस्तफा, हातच नाहीत तर मारामारी कसली!

पण बरं आठवण काढलीस. मुस्तफा मीही पुढे मडगावात खेळलो. माझं मत असं की मुस्तफा एकदा शेवटपर्यंत नेला की संपला. मग उरतात ती दोस्तमंडळी. ती असली की परत मजा, नसली की नाही. आठ टप्पे, शेवटी तो डॉक्टर, झालं. पॅकमॅनला शेवट नाही, निदान आमच्या हाताला लागेल असा तरी नाही. आणि तो एकट्याचा खेळ असून त्याला बघे लागत. टेबलाभोवती सहा-सात डोकी, त्यांतली पाच "खाली, खाली, खाली!" म्हणून ओरडणारी. पात्रांव न खेळता पंडित झाला तो असाच.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. या खेळात नाव कोरायची सोय नव्हती. सगळ्यात मोठा आकडा वर दिसायचा, पण कुणाचा ते नाही, आणि वीज गेली की तोही पुसला जायचा. पावसाळ्यात वीज किती वेळा जायची ते सांगायला नको. म्हणून पात्रांवने उधारीच्या पाटीचा एक कोपरा राखून ठेवला होता. वर खडूने आकडा, खाली नाव. माझं नाव तिथे जास्तीत जास्त चार दिवस टिकलं. मग एक टॅक्सीवाला आला. त्याच्या नावाखाली त्याची उधारीही होती, तीही बरीच मोठी.

सालसेतची_सून

धागा वाचून थोडं हसू आलं, थोडं कडवटही वाटलं, म्हणून लिहिते.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणींत एकही मुलगी नाही, लक्षात आलं का? मी मडगावात वाढले. आमच्या रस्त्यावर पार्लर होतं. काळी काच, आत धूर, दाराशी सायकली. त्यावरून जाताना आई हात घट्ट धरायची. भाऊ आत जायचा, मी बाहेर उभी राहून "जेवायला बोलावलंय" म्हणून हाक मारायची. दार उघडलं की तेवढ्यापुरता तो टिवटिव आवाज बाहेर यायचा.

आता विरोधाभास पाहा. हा खेळ मुळात मुलींनी आणि जोडप्यांनी पार्लरमध्ये यावं म्हणून केला होता! तेव्हाचे खेळ म्हणजे अंतराळातून येणाऱ्यांना गोळ्या घाला. इवातानींनी विचार केला की गोळीबाराऐवजी खाण्यावर खेळ काढू. म्हणून चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं. म्हणून भुतांना गोंडस डोळे आणि चार रंग. कंपनीच्या अध्यक्षांना म्हणे चारही भुतं तांबडी हवी होती. इवातानी चार रंगांवर अडून बसले. पिझ्झ्याचा एक तुकडा काढल्यावर उरलेल्या आकारावरून पॅकमॅन सुचला ही गोष्ट सगळे सांगतात. इवातानींनीच पुढे कबूल केलं की ती अर्धीच खरी. तोंड या अर्थाचं जपानी अक्षर चौकोनी असतं, ते गोल करताना हा आकार आला.

जपानात-अमेरिकेत बायका खेळल्या असतील. माझ्यापर्यंत तो पोचला २०१० साली, गूगलच्या त्याच पानावर, वेर्ण्याच्या ऑफिसात. अठ्ठावीस वर्षांची होते. आवाज बंद करायचा कसा ते कुणालाच कळेना, आणि सगळ्या मजल्यावर तो टिवटिवाट. मी एकदम भावाला फोन केला आणि नुसताच आवाज ऐकवला. तो म्हणाला, "जेवायला बोलावलंय?"

नाणं टाकायचं बटण दोनदा दाबलं की मिस पॅकमॅन येते आणि दोघांना एकदम खेळता येतं. हे मला माझ्या शेजारणीने शिकवलं. त्या दिवशी आमच्याकडून काम काय झालं ते विचारू नका.

म्हणून @कंटाळेश्वर, माझं लहानपण यात नाही. दाराबाहेर उभं राहण्याचं लहानपण आहे. तरी मी आजही खेळते, बसमध्ये, फोनवर. चौदाव्या फेरीपर्यंत गेलेय. केशरी माझा लाडका आहे. जवळ आला की त्याला काहीतरी दुसरं आठवतं, अगदी आमच्या सासऱ्यांसारखं.

तिसवाडीकर

शेवटच्या वाक्याला +१. सासऱ्यांना धागा दाखवू नका बाय.

खारं_वारं

वास्कोचा आहे. १९९० पासून दहा-बारा वर्षं या यंत्रांची दुरुस्ती केली. दक्षिण गोवा सगळा, कधीकधी कारवारपर्यंत. खेळाचं तुम्ही बोलताय, मी पोटातलं सांगतो.

आमच्याकडे आलेले पॅकमॅनचे बोर्ड मी बघितले तेवढे सगळे नकली. त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका, आतला प्रोग्राम तोच होता, म्हणून तर पात्रांवना दिसलं ते जपानमध्ये लिहिलं होतं तेच निघालं. त्रास असायचा वाऱ्याचा. समुद्राकाठच्या दुकानात सहा महिन्यांत बोर्डाच्या कडेचे संपर्क हिरवे व्हायचे. ग्राहक म्हणायचा "भुतं गेली", "रंग गेला", "मधेच अर्धा पडदा कचरा". नव्वद टक्के वेळा औषध एकच: बोर्ड ओढून काढायचा, शाळेतलं खोडरबर घ्यायचं, सोनेरी पट्ट्या घासायच्या, स्पिरिटने पुसायच्या, परत बसवायचा. खोडरबर पन्नास पैशांचं. बिल मात्र तेवढं लावायचं नसतं, हे तुम्ही समजून घ्याल.

दुसरी गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. दांडी. पॅकमॅनला चारच दिशांची दांडी लागते. मारामारीचे खेळ आल्यावर दुकानदार सगळीकडे आठ दिशांच्या दांड्या बसवायला लागले. त्या पॅकमॅनला लावल्या की दांडी तिरकी पडते, दोन स्विच एकदम लागतात, आणि वळण हुकतं. पोरं म्हणायची खेळ बिघडला, पैसे परत द्या. खेळ धड असायचा. मी दांडीखाली पत्र्याचा एक तुकडा चौकोनी भोक पाडून बसवायचो, तिरकी जायची वाटच बंद. लगेच "आता बरा चालतो" म्हणून चहा मिळायचा.

तिसरी, आणि माझी आवडती. पॅकमॅनच्या वाटा कधी हलत नाहीत, निळ्या रेघा रात्रंदिवस त्याच जागी. वर्ष-दोन वर्षांनी त्या पडद्याच्या आतल्या लेपात जळून बसतात. यंत्र बंद करा, प्लग काढा, बॅटरीचा उजेड तिरका मारा: सगळा नकाशा दिसतो, मधोमध भुतांचं घर. मी काही दुकानांत याच पडद्यांवर नंतर दुसरे खेळ लावलेत. विमान उडतंय, आणि मागे पुसट पॅकमॅनच्या वाटा. कंटाळेश्वर म्हणतात नकाशा बदलत नाही. खरंच नाही बदलत.

कंटाळेश्वर

@खारं_वारं, हा प्रतिसाद मात्र कडक. दांडीचं वाचून फोनवरचा खेळ बंद केला आणि लॅपटॉपच्या बाणांवर खेळून पाहिला. फरक आहे. फोनवर बोट सरकवताना वळण उशिरा लागतं, बाणांवर चौक यायच्या आधीच बाण दाबून ठेवला की पॅकमॅन कोपरा कापून वळतो आणि भूत तेवढं मागे पडतं. हे मुद्दाम केलंय की योगायोग?

झेड_ऐंशी

मुद्दाम. पॅकमॅनला कोपरा कापता येतो, भुतांना नाही. आणखी एक बघा. पहिल्या फेरीत रिकाम्या वाटेवर पॅकमॅन भुतापेक्षा जलद, पण ठिपके खात असला की भुतापेक्षा हळू. प्रत्येक घासाला तो डोळ्याला न दिसेल इतका अडखळतो. त्यामुळे मागे तांबडा लागला असताना समोर दोन वाटा असतील, एक भरलेली आणि एक खाल्लेली, तर हाव धरायची की जीव, हे पावलोपावली ठरवावं लागतं. बाजूच्या बोगद्यात भुतांचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, तुमचा नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं. हाताला आपोआप कळतं आणि आपल्याला वाटतं आपण हुशार झालो.

मोठ्या गोळीचंही तसंच. ती खाल्ली की चारही भुतं थोडा वेळ निळी होतात आणि मग पॅकमॅनच त्यांना खाऊ शकतो. एका गोळीत चार भुतं खाल्ली तर २००, ४००, ८००, १६००. म्हणजे एकेकटं खाणं मूर्खपणा, चौघांना गोळा करून खाणं शहाणपणा, आणि गोळा करताना मेलात तर दोन्ही गेलं. पहिल्या फेरीत भुतं ६ सेकंद निळी असतात. पुढे वेळ घटत जातो, आणि एकोणिसाव्या फेरीपासून निळी होतच नाहीत. गोळी खाल्ली की फक्त दचकून उलटी फिरतात.

कंटाळेश्वर

शेवट नाही म्हणता, तर २५६ वी फेरी काय भानगड आहे? शोधताना ओझरतं वाचलं.

झेड_ऐंशी

फेरीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलाय, त्यात २५५ च्या पुढे मावत नाही. खाली फळांची रांग काढणारा भाग २५६ व्या फेरीत गडबडतो आणि फळं काढतच सुटतो, पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर अक्षरं आणि तुकडे यांचा चिखल होतो. ठिपके पुरेसे उरत नाहीत, फेरी पूर्ण होत नाही. तिथे खेळ कायमचा अडतो. एकही जीव न गमावता, सगळी भुतं, सगळी फळं खात तिथवर गेलं तर ३३,३३,३६० गुण होतात. तो आकडा पहिल्यांदा १९९९ साली गाठला गेला, म्हणजे खेळ आल्यावर एकोणीस वर्षांनी.

हे शक्य होतं कारण भुतं नशिबावर चालत नाहीत. निळी असतानाच काय ती सैरावैरा, आणि तीही दर फेरीला ठरलेल्याच क्रमाने. तुम्ही हुबेहूब तेच केलंत तर तीही हुबेहूब तेच करतात. म्हणून लोक वाटा पाठ करतात.

सालसेतची_सून

पाठ केल्यावर मजा काय राहिली? मी नाही करणार बाई.

दिवचली

आरत्या पाठ असतात म्हणून म्हणायच्या थांबतो का? :)

कंटाळेश्वर

थोडी माघार. काल रात्री नवव्या फेरीला पोचलो. नकाशा तोच, हे माझं म्हणणं कायम. पण चौथ्या फेरीनंतर मी नकाशा बघत नव्हतोच, निळा आणि तांबडा यांच्यातली ती रेघ बघत होतो. दीड वाजला. सकाळी सवापाचला पोदेर, म्हणजे पाववाला, पोंपों करत आला तेव्हा स्वप्नात काय होतं ते सांगत नाही.

तरीही मुस्तफा जास्त चांगला.

फोंड्याचा_मुस्तफा

हांव तुज्या वांगडा! या फोंड्याला.

जुना_म्हापशेकर

धागा वर काढतोय, दोन बातम्या आहेत.

पहिली भाच्याची. झेड_ऐंशींचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला नाही. स्वतःचं स्वतः कळू दे म्हटलं. रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, बघ हं." गुलाबी समोरून येत होती. हा पळाला नाही, सरळ तिच्या तोंडावर चालून गेला, आणि चौकात ती वळून निघून गेली! मी थक्क. रात्री कागदावर चौकोन काढून बघितलं तेव्हा कळलं: तिचं लक्ष्य याच्या पुढे चार घरं, म्हणजे याने जवळ जाऊन तोंड दिलं की ते लक्ष्य तिच्या पाठीमागे जातं. मागे फिरायची मुभा नाही, मग ती बाजूला वळते. त्याला मी हे समजावायला गेलो तर म्हणाला, "ते मला माहीत नाही. पण ती अशीच आहे."

दुसरी. शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, चाळीस वर्षांच्या सवयीने त्या गल्लीत वळलो. दुकान आहे. पात्रांव नाहीत, जाऊन दहा वर्षं झाली, मुलगा चालवतो. चहा घेतला, भजी घेतली, मग विचारलं. तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. टेबल आहे! वर कांद्यांची दोन पोती. एका बाजूची दांडी तुटलेली, काच मात्र धड. पोतं सरकवून फोनचा उजेड तिरका मारला, खारं_वारं यांनी लिहिलं होतं तसा.

सगळ्या वाटा आहेत. मधलं घरही.

मुलगा म्हणाला भंगारवाला अडीचशे देतो म्हणाला होता, पण बाबांची वस्तू म्हणून ठेवली. उधारीची पाटी कुठे गेली ते त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, प्लग लावून बघू या का?

खारं_वारं

लावू नका! किती वर्षांचे कपॅसिटर आहेत त्यात, फुटतील. हातही लावू नका पडद्यामागे. येत्या शुक्रवारी वास्कोहून पहिल्या बसने निघतो. मल्टिमीटर, चार दिशांची एक दांडी माझ्या माळ्यावर पडली आहे ती, आणि खोडरबर. मुलाला तेवढे कांदे हलवून ठेवायला सांगा.

सालसेतची_सून

किती वाजता? मी भावाला घेऊन येते. या वेळी आत मी जाणार, बाहेर तो उभा राहील.